पस्तीस नंबरचं तेल

रविवारी सव्वासहाला धायरीच्या मोकळ्या प्लॉटवर
मी स्कूटरच्या पायाशी ठेवलेली पिशवी उघडते
आणि ट्रक काढते. फूटभर रुंद,
एक हेडलाइट स्टिकरची, दुसरी खरवडलेली.
पोरं रिमोटवरून मान वर करतात : "काकू आल्या."
येऊ देत. बँकेत मी बागल मॅडम,
तेही मी कुठे निवडलं होतं?

मधली उडी टेबलटॉप.
चढ, सपाट पाठ, मग उतार.
तीन रविवार माझा ट्रक उतार सोडून
आधीच नाकावर पडत होता,
आणि पडल्यावर उसळत होता, पुन्हा, पुन्हा,
जणू पहिलं पडणं कुणी पाहिलंच नसावं.

मी स्प्रिंगा कडक केल्या.
कडक म्हणजे मजबूत, एवढंच मला शिकवलेलं.
मग तो बारक्या खडीवरूनही उडायला लागला.

ओजस पिंपळखरे, अकरावीतला, दातांना तारा,
उकिडवा बसून म्हणाला,
"काकू, उडी बघू नका. ऐका.
टक आलं, तर तळ आपटला.
फस्स आलं, तर तेलानं झेललं."

पस्तीस नंबरचं तेल, साठ मिली, चारशे ऐंशी रुपये.
तेवढ्यात गोडेतेल किती आलं असतं
हा हिशोब मी केला,
आणि केला नाही असं ठरवलं.

शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून
चारही शॉकअप उघडले.
आतलं जुनं तेल काळं, चहाच्या गाळासारखं.
पिस्टनला भोकं तीन होती, दोनाचा बसवला.
केसाएवढा फरक. पण वरून पडताना
अख्खा ट्रक त्या केसाएवढ्या वाटेनंच खाली येतो.
नवं तेल ओतलं. दांडा हळू वर, हळू खाली.
बुडबुडे येतात, येत राहतात.
घाई केली की हवा आत अडकते
आणि चारातला एक खोटं बोलायला लागतो.
मी थांबले. शेजारचा टीव्ही बंद झाला.
कुणीतरी जिन्यात चप्पल काढली.
शेवटचा बुडबुडा मोहरीएवढा होता,
काठाशी आला, फुटायला तयार होईना.
स्प्रिंगा दोन आटे सैल केल्या. हात तेलकट,
म्हणून फोन घेतला नाही. बहिणीचा होता.

सकाळी पहिली उडी : नाकावर.
ओजसनं ट्रककडे पाहिलंच नाही, माझ्या बोटाकडे पाहिलं.
"चढाच्या टोकाला तुम्ही ट्रिगर सोडता."
सोडत होते. घाबरून.
"हवेत चाकं थांबली की नाक खाली जातं.
हे फिजिक्स आहे, काकू, टोमणा नाही."

दुसऱ्यांदा मी बोट दाबून धरलं
आणि डोळे मिटले.
मोटरचा आवाज चढला, बारीक झाला,
मग काहीच नाही,
इतका वेळ काहीच नाही
की पलीकडच्या वर्कशॉपचं शटर उघडलेलं ऐकू आलं.
फस्स.
धूळ बसल्याचा असावा तसा आवाज.
डोळे उघडले तर ट्रक वळणावर, चारही पायांवर,
आपल्याच नादात.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
ओजस बॅटरी बदलत होता.

साडेअकराच्या उन्हात तेल पातळ झालं
आणि टक परत आलं.
"चाळीस नंबर लागेल," ओजस म्हणाला.
मी वहीत लिहून घेतलं : चाळीस, दुपारी.

परत येताना वडगावच्या पुलाआधीचा गतिरोधक,
पांढरे पट्टे केव्हाच उडालेले.
पिशवीतला ट्रक गप्प.
स्कूटर म्हणाली, टक.
कडेला घेतली, मागची सीट दाबून पाहिली :
सरळ खाली गेली आणि तिथेच बसली.
चार वर्षं तरी झाली असतील.
चार वर्षं हा आवाज थेट माझ्या कमरेत शिरतोय
आणि मी महापालिकेला पत्रं लिहितेय.